अठ्ठाविसात पाय नव्हते

मोजणीबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या खात्यात सगळे म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचं, आणि ते दर गुरुवारी सकाळी साडेआठला पायऱ्या चढून हजर व्हायचं. कुणीतरी नवा डॉक्टर पेशंटच्या कागदावर ‘बरं आहे’ एवढं खरडून मोकळा व्हायचा आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“बरं म्हणजे किती बरं?” त्या विचारायच्या. “कालच्यापेक्षा बरं, की मेल्यापेक्षा बरं? आकडा लिहा, डॉक्टर.”

डॉक्टर हसायचा. एकदाच. पुन्हा हसायची त्याची टाप नव्हती.

खातं संधिवाताचं. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. हा वेगळा. यात माणसाचं शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. तिशीतल्या धडधाकट बाईलाही धरतं, आणि वेळेत आवरलं नाही तर बोटं वाकडी करूनच सोडतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सहा जणांच्या बाकावर बसलेली अकरा माणसं, कड्या निखळलेला पडदा, आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. त्या बेसिनचा गोल नळ बदलून लांब दांड्याचा बसवून घ्यायला बाईंनी दोन वर्षं अर्ज केले होते, कारण त्या खोलीत येणाऱ्या निम्म्या माणसांना गोल नळ पिळताच येत नव्हता. ज्या साहेबाने तिथं गोल नळ बसवला होता त्याच्या अकलेबद्दल बाई आजही बोलतात, आणि जे बोलतात ते इथं लिहिता येत नाही.

बाई मूळच्या नर्स. सत्तावीस वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची अकरा या एकाच कामात. काम असं, की पेशंट समोर बसला की त्याचे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबायचे. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांची दहा मुळं, दहा पेरं, दोन गुडघे. किती दाबायचं, तर आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. कमी नाही, जास्त नाही. कुठं दुखलं, कुठं सूज लागली, ते फॉर्मवरच्या चौकटीत मांडायचं. नऊ दवाखाने, एकच फॉर्म, एकच अंगठा. सगळ्यांचे आकडे एका ठिकाणी जमा व्हायचे आणि त्यावरून ठरायचं की कुठलं औषध कुणाला लागू पडतंय.

आता कुणी म्हणेल, यात एवढं रागवायचं काय आहे? ज्याचं जळतं त्याला कळतं.

बाईंच्या आईला हाच आजार होता. सात वर्षं एका दवाखान्यात तिचा इलाज चालला आणि सात वर्षांत चार डॉक्टर झाले. पहिला अधिकची चिन्हं काढायचा, जास्त दुखतंय तर जास्त चिन्हं. दुसरा लिहायचा ‘सूज कमी’. कशापेक्षा कमी, ते त्यालाच ठाऊक. तिसरा नुसता ‘आहे तसंच’. चौथ्याने हाताचं चित्र काढून त्यावर गोल केले होते, तेही उजव्याचे डाव्यावर. आई मेल्यावर बाईंनी ती फाईल घरी आणली आणि पहिल्या पानापासून वाचत गेल्या. शेवटी शेवटी आईला दाराची कडी निघेनाशी झालेली होती, कप दोन मनगटांत धरावा लागत होता. आणि फाईल काय सांगत होती? एकाची घटत गेलेली चिन्हं, दुसऱ्याचा ‘कमी’, तिसऱ्याचा ‘तसंच’. कागदावर आई बरी होत होती.

त्या दिवसापासून बाईंचा राग कामाला लागला. नऊ दवाखान्यांनी मिळून एकच फॉर्म करायचं ठरवलं तेव्हा बाई सगळ्यांच्या पुढे. प्रत्येक दवाखान्यात जाऊन त्यांनी नर्सांना आणि डॉक्टरांना अंगठा कसा टेकवायचा ते शिकवलं. डॉक्टरांना नर्सने शिकवायचं म्हणजे काहींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत, बाई म्हणाल्या. मोजणीबाई हे नाव तिथंच पडलं. आधी पाठीमागून म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि बाईंनाही ते आवडायला लागलं.

घरी नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानादुकानातले काटे उघडून, पुसून, वजनं लावून खरे करून द्यायचे, हा त्याचा धंदा. जोडी बघून शेजारीपाजारी म्हणायचे, या घरात आमटीत मीठसुद्धा मोजून पडत असेल. नवरा म्हणायचा, “मीठ नाही हो, मी मोजून बोलतो. जास्त बोललो की फॉर्मवर चढतं.”

तर त्या गुरुवारी शिवणवाली आली.

ही चाळिशीची बाई, सहा वर्षांची पेशंट. शाळेचे गणवेश शिवायची, पायाने चालवायच्या मशीनवर. पहिल्यांदा आली तेव्हा तिला कात्रीत बोटं घालता येत नव्हती. मग तिला इंजेक्शन सुरू झालं, दोन आठवड्यांतून एकदा. ती इंजेक्शनं मोजकीच यायची आणि मागे रांग असायची. म्हणून नऊ दवाखान्यांच्या समितीने नियम केला होता: लागोपाठ दोन तपासण्यांत सांधे शून्य आले आणि रक्तही ठीक निघालं, तर रोग शांत झाला असं धरायचं, त्या माणसाचं इंजेक्शन थांबवायचं आणि रांगेतल्या पुढच्याला द्यायचं. गेल्या खेपेला शिवणवालीचे सांधे शून्य होते.

बाईंनी तिचे हात घेतले. खांदे, कोपरं, मनगटं. एकेक बोट. काही नाही. गुडघे. काही नाही. रक्ताचा कागदही साफ. पुन्हा शून्य. बाईंना खरं तर आनंदच झाला. सहा वर्षांपूर्वीची ती बोटं त्यांना आठवत होती.

“छान आहे की गं,” त्या म्हणाल्या.

“हात छान आहेत,” शिवणवाली म्हणाली. “पाय बघाल का?”

बाईंनी खाली पाहिलं. तिच्या पायात पुरुषी चपला होत्या, दोन नंबर मोठ्या, आणि पुढचा पट्टा कापून टाकलेला. बाई खाली बसल्या. चपला काढल्या. दोन्ही घोटे टम्म सुजलेले. बोटांच्या मुळाशी अंगठा टेकवला आणि नख पांढरं पडायच्या आधीच शिवणवालीने बाकाची कड घट्ट धरली. ती ओरडली नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. डाव्या पावलाची चार मुळं, उजव्याची तीन.

“मशीन चालत नाही माझ्याच्यानं,” ती म्हणाली. “सकाळी जमिनीवर पाय टेकवत नाही. भिंतीला धरून जाते मोरीपर्यंत.”

“आणि मग इतके दिवस बोलली का नाहीस?” बाई कडाडल्या.

“बोलले ना. दर खेपेला बोलले. तुम्ही म्हणायचात, आधी हात दे.”

 बाई ताडकन उठल्या आणि खात्यातल्या धाकट्या डॉक्टरांच्या टेबलाशी गेल्या.

धाकटे डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानेही येऊन पाय पाहिले, मान हलवली. “रोग जिवंत आहे, बाई. दिसतंच आहे. पण फॉर्मवर पाय नाहीत. अठ्ठाविसात पाय येत नाहीत. संगणकात टाकायला गेलं तर तो घेतच नाही, लाल होतो.”

“शेरा लिहा.”

“लिहितो. पण शेरा वाचतं कोण? इंजेक्शन आकड्यावर थांबतं.” मग त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एक करू या. दोन मनगटं आणि एक गुडघा लिहा. तीन झाले की शून्य मोडलं, इंजेक्शन चालू राहिलं. कोण बघायला येणार आहे?”

सांगायला नको, पण सांगतो. त्या क्षणी बाईंचं मन डळमळलं. समोर ती बाई भरल्या डोळ्यांनी चपला चढवत होती, हातात पेन होतं आणि तीन चौकटी भरायला तीन सेकंद पुरले असते. तुम्ही-आम्ही भरल्या असत्या.

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “माझ्या आईला चार शहाण्यांनी कागदावर बरं केलं होतं. आता तुम्ही हिला कागदावर आजारी करा. उद्या तिसरा कुणी दया आली म्हणून आणखी कुणाचं कोपर लिहील. मग या फॉर्मला काय किंमत राहिली? आणि हिचं चालू ठेवायला आपण रांगेतल्या कुणाचं अडवणार, ते बघितलंय तुम्ही? रांगेतल्या त्या बाईचे हात आज माझ्या आईसारखे असतील.”

“मग काय करता?”

बाईंनी शून्य लिहिलं. शिवणवाली बघत होती. सहा वर्षांत तिला तो फॉर्म पालथा ठेवला तरी वाचता यायला लागला होता.

“शून्य लिहिलंत?”

“शून्यच आहे.”

शिवणवालीने पिशवी उचलली आणि भिंतीला हात लावत लावत ती बाहेर गेली. येते म्हणालीच नाही. पुढच्या आठवड्यात इंजेक्शन थांबल्याचं पत्र तिला गेलं.

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याचं डोकं खाल्लं. “आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जळतात पाय आणि आम्ही दाबतोय बोटं. ज्या दीडशहाण्याने त्या फॉर्मवरून पाय कापले ना, तो एकदा माझ्यासमोर येऊ दे. चामड्याचे बूट घालून खुर्चीत बसणारा असणार कुणीतरी. त्याला काय, त्याचे पाय टेबलाखाली असतात.”

नवरा एका काट्याचं पारडं पुसत होता. “काटा तुझा बरोबर आहे,” तो म्हणाला. “माल अर्धाच चढवलास.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो काटा घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. पण बोललेलं डोक्यात राहिलं.

पुढच्या गुरुवारपासून बाईंनी फतवा काढला. जो जो पेशंट येईल त्याने चपला, बूट, मोजे काढायचे. खोलीत वास सुटला. एका आजोबांच्या बुटाच्या नाड्या सोडवताना बाईंचीच कंबर धरली. बारापर्यंत संपणारी ओपीडी दीड वाजेपर्यंत चालली आणि सफाईवाल्या मावशी बादली आपटत म्हणाल्या, “हे दवाखान्यात चाललंय की चपलांच्या दुकानात?” धाकटे डॉक्टर मूग गिळून बसले, एवढी मात्र त्यांची कृपा.

बाईंना हे ठाऊक होतं, की नुसत्या आपल्या मोजणीला समिती म्हणेल, बाईंचा हट्ट. म्हणून त्यांनी शेजारच्या खात्यातली नर्स पकडून आणली. आधी बाईंनी पाय मोजायचे, कागद घडी करून ठेवायचा. मग त्या नर्सने मोजायचे, न बघता. दोघींचा अंगठा तोच, नख तेवढंच पांढरं. सात गुरुवार हे चाललं. फॉर्मने ‘शांत’ ठरवलेले चौऱ्याहत्तर जण तपासून झाले. त्यांतल्या एकोणीस जणांचे पाय सुजलेले निघाले. दुसरीच्या मोजणीत अठरा. एकोणीस माणसं, आणि त्यांच्या कागदावर शून्य.

तो कागद घेऊन बाई समितीच्या बैठकीला गेल्या. लांब टेबल, नऊ दवाखान्यांचे नऊ मोठे डॉक्टर, आणि मधोमध आकडेवाले साहेब. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. सगळ्या दवाखान्यांचे आकडे जुळवून त्यातून अर्थ काढायचं त्यांचं काम, आणि बारा वर्षांतला एकही कागद त्यांनी फेकलेला नव्हता.

बाई उभ्या राहिल्या आणि सुटल्या. एकोणीस माणसांचं सांगितलं. शिवणवालीचे पाय सांगितले. मग म्हणाल्या, “आम्ही उन्हातान्हात हिंडून लोकांना एका पद्धतीनं मोजायला शिकवलं ते यासाठी नाही. सगळ्यांनी मिळून एकसारखं चुकायचं, याला पद्धत म्हणत नाहीत. हे पाय फॉर्मवरून कुणी काढले, का काढले, याचं उत्तर मला हवंय. आज हवंय.”

 एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की जगात बऱ्याच ठिकाणी अठ्ठावीसच मोजतात. “मोजू देत,” बाई म्हणाल्या. “पण तेवढंच बघून कुणाची सुई थांबवत असतील तर त्यांनाही मी हेच सांगेन.”

आकडेवाले साहेब मघापासून एक जुनी फाईल चाळत होते. “बाई,” ते हळू म्हणाले, “नऊ वर्षांपूर्वीच्या बैठकीचं टिपण आहे माझ्याकडे. पहिल्या फॉर्मात चाळीसच्या वर सांधे होते, पाय होते. फॉर्म फार लांबतो अशी सगळ्यांची तक्रार होती. काय काय कमी करता येईल ते विचारलं होतं. सूचना कुणाची, तेही लिहिलंय. बैठक संपल्यावर दाखवू का?”

टेबलाच्या त्या टोकाला उभ्या असताना बाईंना ते आठवलं. खोली वेगळी होती, पंखा बंद होता, चाळीसेक सूचना होत्या आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती. आणि कुणीतरी हात वर केला होता.

“नंतर नको,” बाई म्हणाल्या. “आत्ता वाचा. मोठ्यानं वाचा.”

साहेबांनी वाचलं. “‘पादत्राणं काढण्या-घालण्यात प्रत्येक पेशंटमागे सरासरी चार मिनिटं जातात. बाहेर बसलेल्यांचा खोळंबा होतो. सबब घोटे व पावलं वगळावीत. सूचना: नर्सांच्या प्रतिनिधी.’” आणि खाली बाईंची सही.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, ते असं. बाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. एका मोठ्या डॉक्टरांना हसू आलं होतं, त्यांनी रुमाल तोंडाला लावला. कुणीतरी समजुतीचं बोलायला गेलं, की तेव्हाच्या परिस्थितीत बाईंचं बरोबरच होतं, कुणाचा दोष नाही.

“दोष कसा नाही?” बाई त्याच्यावरच उखडल्या. “सही वाचता येत नाही का तुम्हाला? माझी आहे. चार मिनिटं वाचवली म्हणून मी घरी जाऊन फुशारकी मारली होती. नऊ वर्षं लोक मला पाय दाखवत होते आणि मी म्हणत होते, आधी हात दे. आता मला समजावत बसू नका. पाय परत घाला, आणि त्या एकोणीस जणांचं आजच्या आज ठरवा. माझ्यावर जे काय लिहायचं ते नंतर सावकाश लिहा.”

तीन तास वाद झाला. शेवटी ठरलं, की फॉर्मला पायांचं पान जोडायचं आणि पाय बघितल्याशिवाय कुणाचंही इंजेक्शन थांबवायचं नाही. आधी थांबलेली प्रकरणं उघडून पुन्हा तपासायची. वरातीमागून घोडं, पण निघालं.

शिवणवालीला पुन्हा इंजेक्शन मंजूर झालं तेव्हा मध्ये अकरा आठवडे गेले होते. तिच्या पायांचे एक्स-रे काढले. डाव्या पावलाची दोन हाडं टोकाशी कुरतडल्यासारखी झाली होती. सूज उतरेल, धाकटे डॉक्टर म्हणाले, पण हाडाचं गेलं ते गेलं. ते कधी गेलं, या अकरा आठवड्यांत की आधीच्या वर्षांत, हे सांगता येत नव्हतं, कारण आधीच्या वर्षांचं पायाचं काही कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं.

ती आली तेव्हा बाईंनी पडदा ओढला. इंजेक्शनचा ट्रे मांडलेला होता. बाईंना आडवळणानं बोलता येत नाही.

“तुझे पाय फॉर्मवरून मी काढले होते,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांपूर्वी. चपला काढण्यात माणशी चार मिनिटं जातात म्हणून. बाहेर तुम्ही लोक ताटकळता म्हणून. मला आठवतही नव्हतं, आणि मी जगाला शिव्या देत होते.”

शिवणवालीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“बाहेर मी तीन-तीन तास बसायचे, बाई,” ती म्हणाली. “चपला काढूनच बसले असते. मला विचारायचं होतंत.”

बाईंनी ट्रे उचलला.  “मी शेजारच्या खात्यातल्या बाईंना पाठवते,” त्या म्हणाल्या. “ त्या देतील सुई.”

“मी रागावलेय तुमच्यावर,” शिवणवाली म्हणाली. “अजून पुष्कळ दिवस रागावलेली राहणार आहे. पण सुई तुम्हीच द्या. त्यांचा हात जड आहे.”

बाईंनी बोळ्याने कातडी पुसली आणि सुई दिली.